मांडवा ते पणजी: खाड्यांच्या हिशोबाने आखलेली सायकल सफर

पहिला बेत ताईच्या भाच्याने आखला होता आणि तो पाच दिवसांचा होता. मांडवा ते श्रीवर्धन, श्रीवर्धन ते गुहागर, गुहागर ते रत्नागिरी, रत्नागिरी ते मालवण, मालवण ते पणजी. एकूण अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रोजचे सरासरी १२० किलोमीटर. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे वेळेची मर्यादा घातलेली लांब पल्ल्याची सायकल सफर, ठरलेल्या साडेतेरा तासांत आरामात संपवणाऱ्या मुलाला हा आकडा सौम्यच वाटणार. शिवाय रस्ता समुद्राकाठचा. घाट नाही, मग अडचण कसली, असं त्याचं म्हणणं.

त्याच्यासोबत जाणार होती ताई, वय ५४, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, रोज सकाळी पुण्यात तीसेक किलोमीटर सायकल चालवणारी. आणि भावोजी, वय ६१, पायात ताकद चांगली, पण रक्तदाबाची गोळी चालू. बेत ताईने माझ्याकडे बघायला पाठवला. मी तो खोडला, नवा करून दिला, आणि मग त्यांच्याबरोबर निघालेसुद्धा. या सफरीची आखणी कशी केली, ती कुठे जमली आणि कुठे ताणली गेली, ते इथे सविस्तर मांडते आहे. कोकणच्या किनाऱ्याने जायचा बेत करणारे बहुतेक जण नकाशातले किलोमीटर मोजतात. मोजायच्या असतात खाड्या, चढ आणि उन्हाचे तास.

रस्ता कसा आहे

सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या लांबीला कमी, पण समुद्राला मिळताना प्रत्येक नदीने जांभ्याचं पठार कापून खोल खाडी केली आहे. दोन खाड्यांच्या मधे उरतो तो सडा. त्यामुळे किनाऱ्याचा रस्ता जेटीवरून किंवा पुलावरून सड्यावर चढतो, उघड्या कातळावरून थोडा धावतो, मग नारळी-पोफळीच्या वाडीत उतरतो आणि पुढच्या खाडीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यातला एकही चढ वरंध किंवा आंबा घाटासारखा मोठा नाही. बरेचसे शंभर मीटरच्या आगेमागे. पण ते उभे आहेत, कारण हे गावांना जोडणारे जुने रस्ते आहेत, हायवेसारखी आखीव चढण त्यांना नाही. सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या टप्प्यात बेरीज सहज हजार मीटरच्या आसपास जाते, आणि तीही मागे सामान बांधलेल्या सायकलवर.

या मार्गाचे दोन भाग वेगळे धरावे लागतात. जयगडपर्यंतच्या उत्तरेच्या भागात चार फेरीबोटी आहेत: आगरदांडा ते दिघी, सावित्रीच्या मुखाशी बागमांडला ते वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, आणि शास्त्रीच्या मुखाशी तवसाळ ते जयगड. दक्षिणेच्या भागात बहुतेक खाड्यांवर पूल आहेत, म्हणून तिथे वेळ फेरीबोटीत जात नाही. तिथे माणसाला दमवतं ते ऊन. रत्नागिरीच्या खाली सडे लांब आणि सावलीवाचूनचे आहेत. भाच्याच्या बेतात सगळ्यात मोठा टप्पा, रत्नागिरी ते मालवण, सुमारे १४० किलोमीटर, नेमका इथे पडला होता.

दिवसाचा हिशोब

डिसेंबरात कोकणात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहानंतर लगेच मावळतो. उजेड अकरा तासांचा, पण सायकलला त्यातले सगळे तास मिळत नाहीत. डिसेंबर-जानेवारीतही रत्नागिरी जिल्ह्यात दुपारचं तापमान तिशीच्या वर असतं आणि हवेत दमटपणा. म्हणून मी दिवस असा धरला: सकाळी पावणेसात ते साडेअकरा आणि दुपारी साडेतीन ते सहा. हे झाले सव्वासात तास. त्यातून न्याहारी आणि पाणी, फोटो, देवळात डोकावणं यांचे पावणेदोन तास वजा केले की पायडल मारायला साडेपाच तास उरतात. ताईचा पुण्यातला वेग ताशी १७-१८ होता. सामान आणि चढ धरून मी तो १२ केला. म्हणजे फेरीबोट नसलेल्या दिवशी ६५ किलोमीटर.

फेरीबोट असली तर दीड तास आणखी वजा. खाडी ओलांडायला बोटीला फार वेळ लागत नाही हे खरं, पण मधली फेरी चुकते, तिकिटाची रांग असते, आणि जेटीपाशी पोचताना व सुटताना रस्ता वाईट असतो. म्हणजे त्या दिवशी ४८ किलोमीटर. तो दीड तास भाच्याला पटत नव्हता. "मावशी, दहा मिनिटांच्या खाडीला दीड तास?" मी त्याला वेळापत्रकांसाठी चारही जेटींवर फोन करायला लावले. फेऱ्या ऋतूप्रमाणे आणि गर्दीप्रमाणे बदलतात, शेवटची फेरी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वेळी सुटते आणि फार खोल ओहोटीला बोट थांबूही शकते, हे त्याला तिकडूनच समजलं.

या हिशोबाने मुक्काम ठरले ते असे: मुरुड, श्रीवर्धन, केळशी, दाभोळ, हेदवी, रत्नागिरी, जैतापूर, देवगड, मालवण, शिरोडा आणि मग पणजी. पाचाचे अकरा दिवस झाले, वर एक राखीव दिवस. तो कुठे वापरायचा हे मुद्दाम ठरवलं नव्हतं.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे. हिवाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वारा बहुधा वायव्येकडून येतो, तो पाठीवर मिळतो. याची एक किंमत आहे. आपण डावीकडून चालवतो, म्हणून दक्षिणेला जाताना समुद्र रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला राहतो. आरे-वारेच्या चढावर थांबून बघायचं तर रस्ता ओलांडावा लागतो. समोरचा वारा छातीवर घेण्यापेक्षा हे परवडलं.

भरती-ओहोटीसाठी कोकणात जो हिशोब सगळे करतात तोच केला: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. षष्ठीला सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणून ओहोटी साडेदहाच्या सुमाराला. केळशीहून दाभोळला जायच्या दिवशी षष्ठी येईल अशी निघायची तारीख धरली, कारण त्या दिवशी दहा-साडेदहाला आम्ही महर्षी कर्व्यांच्या मुरुडात, दापोलीजवळच्या, पोचणार होतो. तिथून कर्द्यापर्यंत ओहोटीची पुळण इतकी टणक असते की सायकल डांबरी रस्त्यासारखी चालते. हे फुकट मिळत नाही. खारी वाळू साखळीत बसते, म्हणून तिथून निघण्याआधी विहिरीचं पाणी मागून चारही साखळ्या धुतल्या, कोरड्या केल्या आणि तेल घातलं. हे काम संध्याकाळवर टाकलं तर साखळी रात्रीत तांबारते.

सायकली

ताई आणि भावोजींच्या सायकली हायब्रिड होत्या. दोन्हींचा सगळ्यात हलका गियर या चढांना पुरेसा होता. भाच्याच्या रोड बाइकचा नव्हता. त्याला मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, बदलून सगळ्यात मोठी चकती ३४ दातांची असलेली घ्यायला लावली. सामान माणशी सहा-सात किलोच्या आत. तंबू नाही, कारण कोकणात प्रत्येक मुक्कामाला घरगुती सोय मिळते. जास्तीच्या ट्यूब मात्र सढळ हाताने घेतल्या. गावातल्या सायकल दुकानात साध्या सायकलच्या ट्यूब मिळतात, ७०० मापाच्या बारीक चाकांच्या आणि प्रेस्टा या बारीक, लांब व्हॉल्व्हच्या मिळत नाहीत. आणि प्रत्येकाने आपल्याच चाकाच्या मापाच्या तीन-तीन तारा (स्पोक) फ्रेमला टेपने चिकटवून घेतल्या. याचा उपयोग पुढे झाला.

भावोजींना निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं आणि उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाच्या शरीरातलं पाणी आणि मीठ त्याने आणखी घटतं. भावोजींच्या गोळीत ते होतं. डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली, पण पाण्यासोबत मीठ जायलाच हवं, नुसतं पाणी ढोसू नका, आणि चक्कर आली तर त्या दिवशी सायकल बंद, असं स्पष्ट सांगितलं.

उत्तरेचा भाग

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट २०२० पासून आहे, सायकल सरळ ढकलत चढवता येते. तिथून श्रीवर्धनपर्यंतचं फारसं सांगण्यासारखं नाही. कोर्लई, काशीद, मुरुड, मग दिघीची फेरी आणि दिवेआगर. दिवेआगरच्या पुढे शेखाडीवरून जाणारा रस्ता पाण्याला जितका लागून आहे तितका या सबंध मार्गात क्वचितच. तिथे ताई मुद्दाम हळू चालवत होती आणि भाचाही तिच्या मागे मुकाट्याने हळू येत होता.

चाकाची गडबड झाली हेदवीहून तवसाळला उतरताना. उतारावर भावोजींचं मागचं चाक खड्ड्यात आपटलं आणि तार तुटल्याचा आवाज मला मागे ऐकू आला. तार गियरच्या बाजूची, मुंडीशीच तुटलेली. गियरच्या बाजूची नवी तार बसवायची तर कॅसेट काढावी लागते आणि त्याचं हत्यार आमच्याकडे नव्हतं. चाक इतकं हलत होतं की प्रत्येक फेऱ्याला रिम ब्रेकला घासत होती.

तवसाळच्या जेटीवर सायकल उलटी करून चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला. तुटलेली तार ओढून टाकली. गियरच्या बाजूची तार गेली की रिम डावीकडे ओढली जाते, म्हणून त्या जागेच्या शेजारच्या डाव्या तारा अर्धा-अर्धा फेरा सैल केल्या आणि उजव्या तेवढ्याच आवळल्या. एकदम पूर्ण फेरा द्यायचा नाही, नाहीतर चाक दुसरीकडे जातं. प्रत्येक वेळी चाक फिरवून ब्रेकच्या रबराशी फट बघायची. या गडबडीत एक फेरी गेली, दुसरी मिळाली. चाक पूर्ण सरळ झालं नाही, पण घासायचं थांबलं. भावोजींच्या दोन्ही पिशव्या भाच्याच्या कॅरियरवर गेल्या आणि जयगडच्या जेटीवरून वर सड्यावर येणारा उभा चढ भावोजींनी सायकल ढकलत पार केला. दुपारनंतर केशवसुतांचं मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे करत अंधार पडायच्या आत रत्नागिरी गाठली.

रत्नागिरीनंतरचा दिवस

गियरच्या सायकलींचं काम करणारं दुकान रत्नागिरीत मिळालं, पण ते उघडतं दहाला. काम पटकन झालं ते सोबत आणलेल्या तारेमुळे, कारण त्या मापाची तार दुकानात नव्हती. तरी निघेपर्यंत अकरा वाजले. हिशोबाप्रमाणे यावेळी आम्ही थांबण्याच्या बेतात असायला हवं होतं.

माझं मत पावसपर्यंतच जावं असं होतं. वीसेक किलोमीटर. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीशी दुपार काढायची आणि राहायचंही तिथेच. पण जैतापूरच्या खोल्यांचे पैसे आधीच भरले होते. पावसला जेवण झाल्यावर भावोजींना तरतरी वाटत होती आणि पैसे बुडवणं त्यांच्या जिवावर आलं. "उतारच आहे की आता पूर्णगडपर्यंत," ते म्हणाले. ते खरंच होतं. पूर्णगडचा पूल ओलांडून गावखडीत समुद्राकडची सुरूची झाडं आहेत, सावली आहे. त्यानंतर रस्ता सड्यावर चढतो आणि कशेळीकडे जाताना झाड दिसत नाही. दुपारचे दोन वाजून गेले होते. कातळाची धग खालून येते, वरचं ऊन वेगळंच.

भावोजी मागे पडले म्हणून मी थांबले. ते आले तेव्हा त्यांच्या हातांवर काटा उभा राहिलेला होता. तेवढ्या उन्हात थंडी वाजल्यासारखा काटा येणं ही फार स्पष्ट खूण आहे. डोकं दुखतंय, मळमळतंय, असं ते विचारल्यावर म्हणाले. आपणहून सांगितलं नसतं. घाम येत होता, कातडी ओली आणि गार होती. घाम थांबून कातडी तापली असती किंवा बोलणं असंबद्ध झालं असतं, तर १०८ ला फोन करून सरळ दवाखाना, दुसरा विचार नाही. म्हणून आधी तेच तपासलं. त्यांना गाडीचा नंबर विचारला, काल कुठे राहिलो ते विचारलं. उत्तरं बरोबर आली.

रस्त्यापासून थोडं आत एक आंब्याची बाग आणि राखणदाराची खोपी होती. तिथल्या बाईंनी चटई टाकली. ताई त्यांना काय झालं ते समजावून सांगायला लागली, तर त्या म्हणाल्या, "ते नंतर सांगा हो. आधी त्यांना पाठ टेकू दे." पाय पिशव्यांवर उंच ठेवले, बूट आणि हेल्मेट काढलं, पंचा भिजवून मान, काखा आणि जांघेत ठेवला, भाचा टोपीने वारा घालत राहिला. जलसंजीवनीचं (ओआरएस) एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात घालून घोट-घोट दिलं. पाकीट अंदाजाने कमी-जास्त पाण्यात घालायचं नसतं, प्रमाण बिघडलं की उपयोग जातो. पाऊण तासात डोकं हलकं झालं आणि लघवीला झाली. तोवर मी त्यांना उठू दिलं नाही.

बरं वाटायला लागल्यावर त्यांना पुढे सायकलवरच जायचं होतं. इथे ताईने निर्णय घेतला आणि तो वादाला जागा न ठेवता घेतला. बाईंच्या ओळखीचा आंब्याच्या पेट्या वाहणारा टेम्पो आला, त्यात चारही सायकली आडव्या घातल्या आणि आडिवऱ्यात एका घरगुती ठिकाणी उतरलो. जैतापूरच्या खोल्यांचे पैसे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब बघितला, ठीक होता, तरी तो दिवस तिथेच काढला. कनकादित्याच्या आणि महाकालीच्या देवळात जाणं, पेज, सोलकढी आणि झोप. राखीव दिवस इथे लागला.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. पुढच्या कुठल्याही मुक्कामाचे पैसे आधी भरायचे नाहीत, फक्त फोन करून ठेवायचा. आणि साडेअकरा वाजले की जिथे सावली असेल तिथे थांबायचं, गाव आलं असो वा नसो. हे दुसरं पाळायला भाचा सगळ्यात कडक निघाला. जैतापूर ओलांडून देवगडकडे जाताना पडेल कॅन्टीनला आम्ही अकरालाच पोचलो. पुढे जामसंडेपर्यंत सहज गेलो असतो, पण त्याने सायकल भिंतीला लावून चार जेवणं सांगूनसुद्धा टाकली होती.

दक्षिणेचा शेवट

देवगडपासून रस्ता मोकळा होत जातो. कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण. इथे आमचा वेग माझ्या अंदाजाच्या वर गेला. "खंयसून इलात?" (कुठून आलात?) हा प्रश्न प्रत्येक थांब्यावर, आणि मांडव्याहून म्हटलं की पाणी आधी आणि गप्पा नंतर. कर्लीची खाडी पुलाने ओलांडून परुळे, म्हापण, वेंगुर्ला, आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडा. मालवण ते शिरोडा हा सत्तरेक किलोमीटरचा टप्पा ताईने सगळ्यात ताज्या चेहऱ्याने संपवला.

गोव्यात शिरायला आम्ही आरोंद्याच्या पुलाचा मार्ग घेतला. तेरेखोलच्या किल्ल्याकडून केरीला फेरीबोटही आहे. मग हरमल, मोरजी, शिवोलीचा पूल, म्हापसा. म्हापसा ते पर्वरी हा हायवेचा तुकडा सबंध सफरीतला सगळ्यात नकोसा. पर्वरीहून मांडवीच्या पुलावर न जाता खाली बेतीला उतरलो. तिथून फेरीबोट थेट पणजीच्या धक्क्याला लागते आणि सायकलला पुलावरच्या गर्दीतून जावं लागत नाही.

अंदाज आणि प्रत्यक्ष ताडून बघितलं तर दीड तासाचा फेरीबोटीचा हिशोब दिघी आणि वेश्वीला बरोबर बसला, दाभोळला जास्त झाला, तवसाळला अर्थातच कमी पडला. ताशी १२ हा वेग मालवणच्या खाली फार कमी धरलेला होता आणि रत्नागिरी ते जैतापूर या भागात जास्त. म्हणून तिथे मी आता वेगळी आखणी सांगते. रत्नागिरीहून सकाळी निघून पावसला दुपार काढायची आणि ऊन उतरल्यावर पूर्णगड ओलांडून गावखडीलाच राहायचं. दुसऱ्या दिवशी उजाडताच सडा चढायचा, म्हणजे कशेळी आणि आडिवरे न्याहारीच्या वेळेला येतं आणि नाटे-जैतापूर अकराच्या आत. जैतापूर ते देवगड तिसऱ्या दिवशी. ज्यांना एवढे दिवस नाहीत त्यांनी रत्नागिरीलाच सफर थांबवून कोकण रेल्वे पकडावी आणि मालवण-पणजी पुढच्या वर्षी करावं. मधला तुकडा एका दिवसात बसवू नये, साठीच्या माणसाने तर नाहीच.

परतीला सायकली मडगावहून पार्सलने पाठवल्या. छोट्या स्टेशनांवर गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात चार सायकली सामानाच्या डब्यात चढत नाहीत, म्हणून मोठंच स्टेशन घ्यावं. आदल्या दिवशी जाऊन नोंद करावी, पायडल काढून हँडल वळवावं, फ्रेमला पुठ्ठा गुंडाळावा आणि नाव-पत्ता दोन ठिकाणी लिहावा. सायकल आपल्याच गाडीने येईल असं मात्र धरू नये.